दम कुठे अडतो

शरीरातील प्रत्येक पेशी ऊर्जेसाठी ऑक्सिजन वापरते आणि त्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार करते. प्रौढ माणूस नुसता बसून असला तरी मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन खर्च होतो आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकावा लागतो. श्वसन म्हणजे ही देवाणघेवाण. हवा छातीत ओढणारा भाता, ती वाहून नेणाऱ्या नळ्या, हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा आणि शेवटी खुद्द रक्त, एवढ्या मुक्कामांवरून वायूंना जावे लागते. यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी रुग्णाची तक्रार एकच असते: दम लागतो. बिघाड कोणत्या मुक्कामावर आहे ते शोधणे हे तपासणीचे काम. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, प्रत्येक मुक्काम बिघडवणारे काही ना काही घराच्या आसपासच सापडते.

सुरुवात हवेपासून. रत्नागिरी समुद्रकाठी असल्याने तिथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरच्या आसपास असतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून एकूण दाबातला त्याचा वाटा १६०. महाबळेश्वरला सुमारे १,३५० मीटर उंचीवरही टक्केवारी २१च राहते. पण एकूण दाब ६५० पर्यंत उतरतो आणि ऑक्सिजनचा वाटा १३६ होतो. शरीराला टक्केवारीशी देणेघेणे नसते, या वाट्याशी असते. पाटाचे पाणी जसे उतारानेच वाहते तसा वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, आणि उतार जितका मोठा तितका ऑक्सिजन रक्तात सहज शिरतो.

मे महिन्यातल्या उकाड्यात ‘हवेत ऑक्सिजनच उरला नाही’ असे किनारपट्टीवर सर्रास म्हटले जाते. तसे नसते. बाहेरची हवा कोरडी असो की दमट, नाक आणि श्वासनलिका तिला ३७ अंशांपर्यंत तापवून बाष्पाने पूर्ण भरतात, आणि त्या बाष्पाचा दाब नेहमी ४७ मिलिमीटर असतो. ७६० मधून ४७ वजा करून उरलेल्याचे २१ टक्के काढले की १५० येतात. जानेवारीतही १५०, मेमध्येही १५०. उमसेने जीव कासावीस होतो तो घाम वाळत नाही म्हणून.

हवेचाच दोष असतो तो बंद जागी. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला उतरलेला माणूस खाली कोसळतो, त्याला वाचवायला गेलेला दुसराही कोसळतो, अशा बातम्या दरवर्षी येतात. कुजणाऱ्या पाल्याने विहिरीतला ऑक्सिजन संपवलेला असतो आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचलेला असतो. पेटता कंदील आधी खाली सोडण्याची जुनी रीत काही अंशी बरोबर आहे, कारण ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. मात्र विहिरीत उतरवलेल्या इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड किंवा मासे साठवण्याच्या बंद कप्प्यात सडलेल्या मासळीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड कंदिलाला कळत नाही. ज्योत तेवत राहते आणि माणूस पडतो.

छातीचा भाता चालतो मुख्यतः श्वासपटलावर. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटासारखा स्नायू आकसून खाली सरकला की छातीची पोकळी वाढते आणि हवा आपोआप आत येते. सावकाश श्वास सोडायला कष्ट पडत नाहीत. ताणलेले फुप्फुस स्वतःच मिटते. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा येते. त्यातली १५० मिलिलिटर नळ्यांतच राहते, तिचा देवाणघेवाणीला काही उपयोग नाही. त्यामुळे मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेणारा आणि ३०० मिलिलिटरचे २० श्वास घेणारा, दोघेही ६ लिटरच हवा ओढतात; पण पहिल्याच्या फुप्फुसात आतपर्यंत ४.२ लिटर पोचते, दुसऱ्याच्या फक्त ३. धापा टाकणाऱ्याची मेहनत अशी वाया जाते.

या भात्याला हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राकडून मिळतो, आणि ते केंद्र प्रामुख्याने रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवते. ऑक्सिजनची खबर मानेतल्या धमन्यांजवळचे बारीक पिंड देतात. पण तो बराच घसरेपर्यंत ते फारसे ओरडत नाहीत. म्हणूनच श्वास रोखून धरल्यावर अखेर जी असह्य तगमग होते ती ऑक्सिजन संपल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते.

फुप्फुसे ठणठणीत असताना भाता बंद पडतो, याचे कोकणातले उदाहरण म्हणजे मण्यारीचा दंश. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, आवंढा गिळता येत नाही. विषामुळे नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेनासा होतो आणि शेवटी श्वासपटल थांबते. अशा रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाज स्वच्छ येतो, एक्स-रेही निर्दोष असतो. इथे उपयोगी पडणारी तपासणी अगदी साधी आहे. खोल श्वास घेऊन एका दमात एक, दोन, तीन असे मोजायला सांगायचे. निरोगी माणूस सहज तीसच्या पुढे जातो. पंधरा-वीसच्या आत अडखळणारा, आणि दर अर्ध्या तासाने आधीपेक्षा लवकर अडखळणारा रुग्ण श्वास थांबण्याच्या वाटेवर असतो.

श्वासनलिकेला फाटे फुटत जातात, एकाचे दोन, दोनाचे चार, असे सुमारे २३ वेळा. या नळ्यांचे गणित कठोर आहे: त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. दम्यात नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ साचतो; पण हा अडथळा येतो आणि जातो. बहुतेक वेळा ॲलर्जी त्याच्या मुळाशी असते, आणि जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, गाद्या-कपड्यांना बुरशी धरते, त्या रत्नागिरीत आषाढ-श्रावणात दमेकऱ्यांचे हाल का होतात ते सांगायला नको.

सीओपीडी या आजारात अडथळा येतो तो कायमचा. नळ्या जाड होतात, त्यांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि श्वास सोडताना हवा आत अडकून राहते. हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग, असे अनेक वर्षे डॉक्टरही मानत आले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नसते, आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण बहुधा चुलीचा धूर आहे. कोकणातल्या घरात या धुराला तोटा नाही. स्वयंपाकाला गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याचा हंडा चुलीवरच राहिला. तिथे नारळाची सोडणे, झावळ्या, पातेरा, काजूची टरफले जळतात. त्यात उन्हाळ्यातली भाजावळ. आणि रात्री दारे-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवतात. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. तरीही खोकणाऱ्या आजीला ‘वय झालं’ एवढेच निदान मिळते. विडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी असेल ही शंकाच कोणाला येत नाही.

ही शंका फेडणारे यंत्र फार जुने आहे. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपासारखा स्पायरोमीटर बनवून दोन हजारांहून अधिक लोकांची फुप्फुसे मापली. आजचा स्पायरोमीटर हातात मावतो, तत्त्व मात्र तेच. छाती पूर्ण भरून घ्यायची आणि नळीत जोराने, शेवटपर्यंत फुंकायचे. एकूण किती हवा निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे दोन आकडे महत्त्वाचे. नळ्या मोकळ्या असतील तर पहिल्या सेकंदात तीन चतुर्थांश किंवा अधिक हवा बाहेर पडते. नळ्या मोकळ्या करणारे औषध ओढल्यावरही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिले तर सीओपीडीचे निदान पक्के होत जाते. औषधानंतर पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याकडे बोट जाते. दोन्ही आकडे सारख्या प्रमाणात घटले असतील तर नळ्यांचा दोष नाही, फुप्फुसच आखडलेले आहे, असा अर्थ निघतो. सुई नाही, किरण नाहीत. फक्त रुग्णाला नीट फुंकायला लावणारा तंत्रज्ञ हवा, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी नसतो. ज्या दवाखान्यात रक्तदाब मोजल्याशिवाय रुग्णाला सोडत नाहीत तिथेही वर्षानुवर्षे खोकणाऱ्याला एकदाही फुंकायला लावलेले नसते.

नळ्यांच्या टोकाला वायुकोशांचे घोस असतात, सुमारे ३० ते ५० कोटी. सगळे उलगडून पसरले तर ७० चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील. प्रत्येक वायुकोशाला केशवाहिन्यांचे जाळे वेढून असते, आणि हवा व रक्त यांच्यामधल्या पडद्याची जाडी एक मायक्रॉनही नसते. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब सुमारे १००, तिथे येणाऱ्या रक्तात ४०. ऑक्सिजन उताराने रक्तात शिरतो. कार्बन डायऑक्साइड रक्तात ४६ आणि वायुकोशात ४०. तो उलट दिशेने बाहेर येतो. त्याला एवढासा उतार पुरतो, कारण तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट सहज झिरपतो. रक्त या जाळ्यात पाऊण सेकंद थांबते आणि देवाणघेवाण पाव सेकंदातच उरकते. उरलेला अर्धा सेकंद ही शिल्लक. घाटी चढताना रक्त वेगाने धावते तेव्हा ती कामी येते, आणि पडदा जाड झालेल्या रुग्णाला बसल्या जागी काही जाणवत नाही पण चढणीवर धाप लागते, ती शिल्लक आधीच संपलेली असते म्हणून.

या पडद्यावर पाणी सोडणारा कोकणातला शत्रू म्हणजे लाल विंचू. गडग्यात, गवताच्या भाऱ्यात, रात्रभर बाहेर राहिलेल्या चपलेत तो असतो. त्याचे विष नसांमधील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते. त्यामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब उसळतो. मग त्या भाराखाली हृदय दमते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि वायुकोश पाण्याने भरतात. रुग्णाला आडवे होववत नाही, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. तो कोरड्या जमिनीवर बुडत असतो. रत्नागिरीला लागून असलेल्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे मृत्यू जवळून पाहिले, लक्षणांचा क्रम टिपला आणि १९८२ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचा भार उतरतो आणि फुप्फुसांतले पाणी ओसरते. गंभीर दंशात पूर्वी शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत. हे प्रमाण एका टक्क्याच्या जवळ आले. विंचवाचे प्रतिविष प्राझोसिनबरोबर दिले तर रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसले. तेव्हा मंत्राने विंचू उतरवण्यात घालवलेले तास हे फुप्फुसात पाणी चढण्याचे तास असतात.

पाणी भरलेल्या वायुकोशात हवा शिरताना चुरचुर असा आवाज येतो, कानाजवळ केस चोळल्यासारखा. दम्यातली शीळ वेगळी. रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये काढलेल्या स्टेथोस्कोपने असे आवाज ओळखता येऊ लागले. पडदा सुजून जाड झाल्याचा संशय असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अंश असलेला श्वास दहा सेकंद रोखून धरायला लावतात आणि त्यातला किती रक्तात गेला ते मोजतात. ही पद्धत डेन्मार्कच्या मारी क्रोग यांनी १९१५ मध्ये मांडली. आज तिचे यंत्र मोठ्या शहरांतच मिळते.

लहान मुलाच्या न्यूमोनियातही वायुकोश भरतात. त्याला गावाकडे ‘डबा’ म्हणतात. तिथे स्टेथोस्कोपपेक्षा घड्याळ अधिक विश्वासू ठरते. आखडलेल्या फुप्फुसात खोल श्वास घेणे जड जाते म्हणून मूल उथळ आणि भराभर श्वास घेते. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० असे श्वास झाले तर न्यूमोनिया धरून चालायचे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर रुग्णालय गाठायचे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच लोकांना हे शिकवून उपचार हाती दिले आणि बालमृत्यू घटल्याचे १९९० मध्ये दाखवले. अंक न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे श्वासमापक साधन त्यांनी तयार केले होते. आज आशाताई हीच मोजणी करतात.

पडदा ओलांडला तरी ऑक्सिजन रक्तात नुसता विरघळून भागत नाही. १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर विरघळतो. हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम मात्र १.३४ मिलिलिटर उचलतो, म्हणजे १५ ग्रॅम असतील तर २० मिलिलिटर. कार्बन डायऑक्साइडचा परतीचा प्रवास निराळा: त्याचा सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेट बनून जातो. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९७-९८ टक्के भरलेले असते, म्हणून दीर्घ श्वसनाने रक्तात ‘जादा ऑक्सिजन’ भरता येत नाही. भराभर खोल श्वास घेतले तर उलट कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. प्राणायामाचे गुण असतील ते दुसरीकडे शोधायला हवेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची मोजमापे घेतली ती याच वृत्तीने.

हिमोग्लोबिनचे भरलेपण बोटावरून सांगणारा ऑक्सिमीटर जपानचे ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या कल्पनेतून आला. तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश तो बोटातून पार करतो. भरलेले आणि रिकामे हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. कोरोनाच्या साथीत तो घरोघरी पोचला, आणि सहा मिनिटे चालून आकडा पुन्हा पाहण्याची चाचणीही. बसून ९६ दाखवणारा रुग्ण चालल्यावर तीन-चार अंकांनी उतरला तर पडद्याची शिल्लक संपत आल्याचे कळते. ती चाचणी उत्तम होती. बिघडले ते आकड्यालाच फुप्फुसाचा पूर्ण अहवाल समजल्याने. ९८ वरून ९२ ही घट किरकोळ वाटते, पण तेवढ्यात ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६५ च्या आसपास आलेला असतो. ९० च्या खाली तर कडाच आहे. शिवाय हे यंत्र टक्के सांगते, साठा नाही. हिमोग्लोबिन ७ ग्रॅम असलेल्या बाईच्या रक्तात निम्म्याहून कमी ऑक्सिजन असतो आणि ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्या दमाचे कारण छातीत नसते. बंद न्हाणीघरात गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो, तरी यंत्र त्याला ऑक्सिजनच समजते. बोट गार असले, नखांना गडद रंग असला तर आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर तो कधीकधी असतो त्याहून चांगला दिसतो.

ऑक्सिमीटरची सर्वांत मोठी उणीव अशी की त्याला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. मण्यार चावलेल्या रुग्णाच्या नाकाला ऑक्सिजन लावला तर श्वास मंदावत असतानाही आकडा ९८ राहू शकतो, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड ५०, ७०, ९० असा चढत जातो. तो कळण्यासाठी मनगटातल्या धमनीतून रक्त काढून तपासावे लागते. त्यात ऑक्सिजनचा दाब ८० ते १००, कार्बन डायऑक्साइडचा ३५ ते ४५ आणि पीएच ७.३५ ते ७.४५ असणे ठीक. ऑक्सिजन ६० च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड साधारण किंवा कमी, तर दोष बहुधा पडद्याकडे: विंचू, न्यूमोनिया. कार्बन डायऑक्साइड वर चढलेला असेल तर भाता कमी पडतो आहे: मण्यार, किंवा दमून गेलेला सीओपीडीचा रुग्ण. दम्याच्या झटक्यात भराभर श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. तो ४० आला तर अहवालात ‘सामान्य’ छापले जाते, पण रुग्ण थकला आहे एवढाच त्याचा अर्थ.

ही तपासणी रूढ झाली ती १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीनंतर. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळे आणि डॉक्टर त्याला क्षाराचा बिघाड समजत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले की तो साचलेला कार्बन डायऑक्साइड आहे. त्यांनी घशात नळी बसवून रबरी पिशवीने हवा द्यायला लावली. यंत्रे पुरेशी नव्हतीच, वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून कित्येक आठवडे रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मण्यार चावलेल्या माणसाला तालुक्याच्या गावाहून व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात हलवताना रुग्णवाहिकेत यंत्र नसेल तर आजही हेच करतात: डोक्याशी बसलेला एक जण दर पाच-सहा सेकंदांनी पिशवी दाबत राहतो.